जिन्याखालची सोडून

१

कोल्हापुरात शाहूपुरीत विजयसिंह इंगळ्यांचं बॅटऱ्यांचं दुकान आहे. त्याच्या माडीवर दर रविवारी सकाळी हौशी वायरलेसवाल्यांची हजेरी चालते. टेबलावर सेट, खिडकीतून गच्चीवरच्या अँटेनाकडे गेलेली जाड काळी वायर, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आणि खालून दुकानातला ॲसिडचा वास. अनुजा माने कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, इथं ती मुख्य केंद्र सांभाळते. ती एकेका ठिकाणाचं नाव घेते, तिकडून उत्तर येतं. आवाज कसा येतोय, पाऊसपाणी काय म्हणतंय, एवढंच बोलणं. शेवटी ती विचारते, "अजून कुणी आहे का?" आणि गप्प बसते. कुणी डोंगराआड असेल, कुणाची बॅटरी दमलेली असेल, त्याला बोलायला जागा मिळावी म्हणून ही शांतता. बहुतेक वेळा कुणी नसतं. स्पीकर नुसता चरचरत राहतो, मग ती हजेरी बंद करते.

मी तिथं गेलो तो भांडायला. पूरनियोजनाची तयारी पूर्ण झाली, वायरलेस क्लबचंही सहकार्य घेतलं, असं एक पत्रक आमच्या दैनिकाकडे आलं होतं. असली पत्रकं वाचण्यात माझी हयात गेली. प्रत्येकाचा शेवट ठरलेला असतो: 'सर्व नागरिक सुखरूप.' एका पुरात असंच पत्रक निघालं आणि पाणी उतरल्यावर त्याच गावच्या एका गोठ्यात म्हातारा सापडला. पत्रकार परिषदेत मी एकच प्रश्न विचारला होता, "कुणी मोजलं?" साहेब पाणी प्यायले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. तो प्रश्न मी अजून सोडलेला नाही.

"या, पत्रकार," विजयसिंह म्हणाला. "भांडायला ताकद लागती. आधी चहा घ्या."

"चहा नको. तुमचा हा खेळ पुरात काय कामाचा, तेवढं सांगा."

मी बोलता बोलता माइक उचलला, तशी अनुजानं माझ्या हातातून तो काढून घेतला. "परवाना नसलेल्यानं याला हात लावायचा नाही, सयाजीराव. कायदा आहे."

बाई मला आवडली. कायदा पाळणारं कुणीतरी भेटलं.

२

पुराचा सराव मे महिन्यात होता. दुपारी शटरला हात लावला तर चटका बसत होता.

कुंभी नदीकाठचं चिंचमळी हे गाव त्यांनी निवडलं. गगनबावड्याचा रस्ता दरसाल पाण्याखाली जातो, मग चिंचमळीचं बेट होतं आणि मोबाईल मरतो. मध्ये डोंगर असल्यामुळं तिथला आवाज थेट कोल्हापूरला नीट पोचत नाही. म्हणून गगनबावड्याला घाटमाथ्यावर पिराजी कांबळे. त्याचं तिथं हॉटेल आहे आणि हॉटेलवरच्या खोलीत सेट. चिंचमळीचा निरोप त्यानं ऐकायचा आणि शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा, म्हणजे तो कोल्हापूरलाही ऐकू येतो. पाठवणाऱ्यानं 'बरोबर' म्हटलं की निरोप पोचला. 'चूक' म्हटलं की परत. आणि प्रत्येक निरोपाच्या आधी न् शेवटी 'सराव' म्हणायचं, नाहीतर वाटेत ऐकणारा घाबरायचा.

विजयसिंह चिंचमळीच्या शाळेत होता, मी माडीवर अनुजाशेजारी. त्याचा मूळ आवाज आमच्याकडे चिंधीसारखा, तुटक येत होता, पण निरोप कागदावर ठरलेलाच होता.

"सराव. चिंचमळी शाळा. खालच्या वर्गात पाणी. सगळे वरच्या मजल्यावर, सुखरूप. सराव."

लगेच स्वच्छ आवाजात परत आलं, "चिंचमळी शाळा. खालच्या वर्गात पाणी. सगळे वरच्या मजल्यावर, सुखरूप. जिन्याखालची सोडून."

अनुजाचं पेन थांबलं.

"चूक," विजयसिंह म्हणाला. "सराव म्हणायचं राहिलं. आणि शेवटचं काढा. परत."

परत तेच आलं. त्याच चालीत, 'जिन्याखालची'च्या आधी तेवढाच श्वास घेऊन.

"पिराजी, ही जिन्याखालची कोण रं?" विजयसिंहानं नियम मोडला. "घरी म्हाईत हाय काय?"

माडीवर सगळे हसले. पलीकडचा आवाज हसला नाही. तिसऱ्यांदा तेच शब्द आले. या वेळी मागं काहीतरी ऐकू आलं. भरलेल्या हौदात घागर कलती केली की होतो तसा गुडगुडता आवाज. हॉटेलात पाणी भरत असतील, असं मी मनात म्हटलं.

बाकीची केंद्रं खोळंबली होती. अनुजानं माइकचं बटण दाबलं. "बरोबर. पुढे चला."

मी उसळलो. "चुकीच्या निरोपाला बरोबर? मग तुमच्यात न् त्या पत्रकवाल्यांच्यात फरक काय?"

"सराव आहे हो, सयाजीराव."

"म्हणूनच! सरावातच ही सवय लागते."

तिचा चेहरा लाल झाला होता.

३

ऊन कललं तेव्हा विजयसिंह परत आला आणि त्याच्या पाठोपाठ जिन्यावर पिराजी दिसला. घामेजलेला, हात ग्रीसनं काळे.

"माफी करा. साळवणच्या अलीकडं टायर फुटला. स्टेपनीतबी हवा न्हाय. ट्रकला हात करून टायर घ्यायला माघारी आलोय. सराव झाला व्हय?"

सगळ्यांनी सेटकडं पाहिलं.

"तू सेटवर नव्हतास?" विजयसिंहानं विचारलं.

"कसा असणार? काल हितं मेव्हण्याकडं मुक्कामाला आलतो. सकाळी निघालो न् वाटंतच अडकलो. फोन लावत हुतो, तुमी सगळी सेटला चिकटलेली." त्यानं खिशातनं किल्ली काढून दाखवली. "खोलीला कुलूप हाय की."

"आवाज तुझाच होता."

"मला बाईचा वाटला होता," अनुजा हळू म्हणाली. "पण ठिकाण गगनबावडा, म्हणून म्हटलं पिराजीच असेल. घसा बसला असेल."

मी आठवून पाहिलं. शब्द सगळे लक्षात होते. आवाज पुरुषाचा की बाईचा, ते काही केल्या सांगता येईना. चाळीसेक वर्षं माणसांची वाक्यं ध्यानात ठेवून पोट भरणाऱ्या माणसाला ही गोष्ट झोंबते.

मग मला राग आला. राग आला की माझं डोकं नीट चालतं. बातमी व्हावी म्हणून हे नाटक रचलंय, असं माझ्या मनानं घेतलं. असली नाटकं मी पुष्कळ पाहिलीत आणि एकेकाचं नाव घेऊन छापलीत.

"मला ती खोली बघायची आहे," मी म्हणालो. "आणि ती शाळाही."

"चला की," पिराजी म्हणाला. "पावण्यांना कोण न्हाय म्हणतंय?"

४

दुसऱ्या दिवशी आधी चिंचमळी लागली. शाळेला सुट्टी होती. दुमजली इमारत, बाहेरच्या अंगानं वर गेलेला जिना आणि जिन्याखाली पत्र्याचं बुटकं दार. मुख्याध्यापकांनी ते ओढलं. आत पूर्वी जमिनीत पुरलेली पाण्याची टाकी होती. वरची स्लॅब फोडून तिची अडगळीची खोली केलेली, त्यामुळं दारातून पायरीशिवाय थेट खाली उतरावं लागे. आत माझ्या खांद्याएवढा खोल खड्डाच. तळाशी पोषण आहाराच्या खिचडीचा मोठा टोप पालथा घातलेला. त्याच्यावर पाय देऊनच आत-बाहेर करायचं.

"इथं कोण राहतं?"

"जिन्याखाली? कोण ऱ्हाईल हो? फक्त अंबूबाई येती-जाती."

अंबूबाई तेवढ्यात आलीच. खिचडी शिजवणारी. साठीची, काटक, मागं मागं एक तांबडं करडू. तिनं मला नखशिखांत न्याहाळलं आणि हातानं विचारलं, काय पाहिजे?

"लहानपणापासनं ऐकू येत न्हाय, बोलताबी येत न्हाय तिला," मुख्याध्यापक म्हणाले. "पण भुईवर पाय आपटला की वळून बघती. अंगाला कळतंय."

भोंगा फिरवून गाव रिकामं करतात, तेव्हा या बाईला काय कळत असेल? नाटक असो नसो, मी मुख्याध्यापकांना बजावलं, "पूर आला तर पहिली ही बाई हलवायची. सगळ्यांच्या आधी. मी विचारायला येईन."

"आदूगर हिलाच," ते म्हणाले. पिराजीनं मान हलवली.

मग घाटमाथा. हॉटेलावरची खोली पिराजीनं माझ्यासमोर उघडली. बंद खोलीचा उबट वास. टेबलावर कापडाखाली सेट. त्याच्या पाठीमागं अँटेनाची वायर जोडलेलीच नव्हती.

"वळवाच्या दिवसांत आभाळातनं इजा पडत्यात," पिराजी म्हणाला. "म्हणून जाताना वायर काढून तिचं टोक बरणीत सोडतो. काचंतनं करंट जात न्हाय."

खिडकीत लोणच्याची रिकामी काचेची बरणी होती. वायर झाकणाच्या भोकातून आत गेलेली. पिराजी बोलता बोलता थांबला. मीही पाहत होतो. खोली तापलेली, काच कोरडी ठणठणीत. पण बरणीच्या आतल्या बाजूला, वायरच्या टोकासमोर, धुकट गोल उमटला होता. हिवाळ्यात आरशाजवळ तोंड नेऊन बोललं की उमटतो तसा.

आम्ही बघत असताना तो विरला. मग पुन्हा उमटला.

"दमट हवा," मी म्हणालो.

"व्हय," पिराजी म्हणाला आणि माझ्याआधी खोलीबाहेर पडला.

ही बातमी मी दिली नाही. काय देणार? 'बरणीला वाफ आली'?

५

ऑगस्टमध्ये कुंभीनं पात्र सोडलं. रस्ता बंद होण्याआधी मी आणि विजयसिंह सेट न् बॅटऱ्या घेऊन चिंचमळीत पोचलो. गाव ट्रॅक्टरनं हलवणं चाललं होतं. अंबूबाईला ट्रॉलीत बसवताना मी स्वतः उभा होतो. करडू तिच्या मांडीवर. मी जमिनीवर पाय आपटला, तिनं वळून पाहिलं, मी हात केला. ट्रॉली उंचावरच्या वाडीकडे गेली आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

रात्रीतून रस्ता बुडाला. उरलेली माणसं शाळेच्या वरच्या मजल्यावर आली. खिचडीचा टोप मी आणि विजयसिंहानं मिळून जिन्याखालून काढला, वर नेला. दार नुसतं ओढून घेतलं, कडी नव्हती. दुपारपर्यंत पाणी खालच्या वर्गात शिरलं. वर चुलीवर खिचडी रटरटत होती. पोरं रडायची थांबून टोपाकडं बघत होती. मोबाईल मेले होते.

तलाठी ओल्या कपड्यांत आला. दोन दिवस झोपला नव्हता बिचारा. "सगळे वर हायत. कळवा."

"कुणी मोजलं?"

"मी सोता, साहेब. वाडीवर गेलेली धरून."

विजयसिंहानं माइक घेतला. या वेळी 'सराव' नव्हतं.

"चिंचमळी शाळा. खालच्या वर्गात पाणी. सगळे वरच्या मजल्यावर, सुखरूप."

स्पीकर चरचरला. मग स्वच्छ आलं, "चिंचमळी शाळा. खालच्या वर्गात पाणी. सगळे वरच्या मजल्यावर, सुखरूप." तेवढाच श्वास. "जिन्याखालची सोडून."

आणि त्याच्यावर पिराजीचा आवाज, किंचाळल्यासारखा, "इजूभाऊ, हे मी न्हाय! मी अजून बटणच दाबलं न्हाय!"

विजयसिंहाचा अंगठा बटणावर तसाच राहिला. त्याला आता दोनपैकी एक म्हणायचं होतं.

"चूक म्हणा की," तलाठी म्हणाला. "सगळे हायत."

विजयसिंह माझ्याकडं पाहू लागला. मी म्हणालो, "ती ट्रॅक्टरनं गेली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

बोललो आणि ते वाक्य माझ्याच कानात वाजलं. माझ्या डोळ्यांनी. पण जाताना पाहिलं होतं. पोचताना कुणी पाहिलं?

"तिचं करडू कुठंय?" मी ओरडून विचारलं. "अंबूबाईचं करडू कुणी पाहिलं?"

कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, "ते तर मघाशी जिन्यात वरडत हुतं की. माघारी आलं जणू."

६

जिन्याच्या तळाला पाणी माझ्या कमरेला लागलं. गढूळ, गार, कडब्याचे पेंढे तरंगत होते. विजयसिंह मागं कठडा धरून. पत्र्याचं दार पाण्याच्या दाबानं बसलं होतं. दोघांनी जोर केला तेव्हा हातभर उघडलं.

आत अंधार. मी मोबाईलचा उजेड टाकला.

अंबूबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. पाणी तिच्या हनुवटीला. करडू डोक्यावर धरलेलं, दोन्ही हातांनी. करडामागं वाडीवरून बांधाबांधानं आली असणार आणि ते आत पडल्यावर खाली उतरली असणार. तिनं हाक मारली नव्हती. तिला हाक मारता येत नव्हती.

"टोपावर उभी आहे," मी म्हणालो. "धर तिला."

विजयसिंहानं करडू घेतलं, मग तिचे दंड धरले. ती अलगद, सरळ वर आली. खालून कुणी उचलून दिल्यासारखी.

टोप वर चुलीवर होता. हे मला तेव्हा आठवलं.

ती माझ्यापेक्षा बुटकी. खड्डा माझ्या खांद्याएवढा आणि त्याच्यावर हे कमरेएवढं पाणी. तिचं डोकं पाण्याबाहेर राहायचं कारणच नव्हतं. मी दाराच्या कडेला धरून आत पाय सोडला. तळ लागला नाही. आणखी सोडला. माझ्या तळव्याला काहीतरी टेकलं. मऊ होतं. त्यानं क्षणभर माझा भार तोलला, पायाखाली नीट बसावं म्हणून जरा सरकलं.

मी पाय वर घेऊन उजेड खाली धरला. पायामागोमाग वर आलेलं, गढूळ पाण्यात वीतभर खाली, फिकट असं काही एकमेकांशेजारी दोन. ओंजळ केल्यासारखे. ते मिटले आणि खाली गेले.

कडब्याचे पेंढे होते, असं म्हणता येईल. म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच होतंय.

७

वर अंबूबाईला चुलीपाशी बसवलं. दात वाजत होते, पण हात करडाच्या पाठीवरून फिरत होता. मी खुणेनं विचारलं, आत कशावर उभी होतीस? तिनं आपल्या पावलांना हात लावला, मग दोन्ही तळवे जोडून माझ्यासमोर धरले, वरच्या बाजूनं उघडे. आणि हसली.

तलाठी भिंतीला टेकून रडत होता. त्याच्यापुढं मी खिचडीची ताटली सरकवली.

विजयसिंहानं निरोप पाठवला. "चिंचमळी शाळा. सगळे वरच्या मजल्यावर. जिन्याखालचीसुद्धा. सुखरूप."

पिराजीनं बटण दाबलं नाही. तो वाट बघत असावा. सगळेच बघत होते. शाहूपुरीत अनुजाही ऐकत असणार. चरचर. मग तो आवाज आला. बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. दमलेल्या माणसाचा होता एवढं मात्र मी आता सांगू शकतो.

"चिंचमळी शाळा. सगळे वरच्या मजल्यावर. जिन्याखालचीसुद्धा. सुखरूप."

आता आपण 'बरोबर' म्हणायचं असतं. विजयसिंहानं माइक माझ्यापुढं केला. मी माइक घेतला. परवाना नव्हता. ज्याला खटला भरायचा त्यानं भरावा, माझा पत्ता सगळ्या कोर्टांना ठाऊक आहे.

"बरोबर," मी म्हणालो. आणि अनुजाचं ते वाक्य आपोआप पुढं आलं. "अजून कुणी आहे का?"

उत्तर आलं नाही. घागर कलती केल्यासारखा तो आवाज मात्र झाला. एकदाच, लांबून.

८

पाणी उतरलं. त्या खड्ड्यातला गाळ उपसताना मी उभा होतो. गाळाशिवाय काही निघालं नाही. पुढच्या पुरात बाई पुन्हा आत उतरू नये म्हणून खड्डा मुरमानं बुजवला, आणि ते काम लांबवणाऱ्या साहेबाला मी छापून काढलं.

क्लबनं एक सेट शाळेतच ठेवला. रविवारी विजयसिंह तिथं गावकऱ्यांना शिकवायला जातो, कधी कधी मीही जातो. परवान्याच्या परीक्षेचं पुस्तक अनुजानं माझ्या हातात कोंबलंय. "आता तरी कायद्यात या." पिराजी सांगत होता, बरणी अजून खिडकीतच आहे. तिचं झाकण तो आता लावत नाही.

मागच्या रविवारी थंडी होती. अंबूबाई सेटजवळ बसली होती, स्पीकरच्या खोक्यावर तळहात टेकून. माणसं बोलतात तेव्हा तिला हाताला कळतं. कोण बोलतंय तेही ओळखते. पिराजी बोलला की ती हसते.

हजेरी संपत आली. शाहूपुरीतून अनुजानं विचारलं, "अजून कुणी आहे का?" आणि ती गप्प झाली.

स्पीकर चरचरत होता. मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. अंबूबाईनं मोकळा हात वर केला. थांबा.

विजयसिंहानं बटण दाबलं. "शाहूपुरी, चिंचमळी. थांबा." पिराजीनं ते पुढं पोचवलं.

"थांबते," अनुजा म्हणाली. का, हे ती आता विचारत नाही.

सगळा जिल्हा गप्प बसला. अंबूबाईचा तळहात खोक्यावर, डोळे मिटलेले. शेजारणीचं सुखदुःख ऐकावं तशी ती मधूनमधून मान हलवत होती. मग तिनं डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं आणि हात खाली घेतला.

मी विजयसिंहाकडं वळलो. "निरोप पोचला. म्हण."

"बरोबर," तो माइकमध्ये म्हणाला.